ओळख न पटलेली बॅटरी

नळदुर्गला बसस्थानकाच्या रस्त्यावर माझ्या आपाचे एक टेबल आहे. टेबलावर लॅपटॉप आणि प्रिंटर, शेजारी एक लाकडी बाक. लोक सातबारा, आधारकार्ड, बँकेचे पासबुक घेऊन येतात आणि आपा त्यांचे अर्ज भरून देते. जुलैमध्ये पीकविम्याचे दिवस आले की बाकावर बसायला जागा मिळत नाही. नेमकी त्याच दिवसांत लाईटही फार जाते.

लॅपटॉपची जुनी बॅटरी सहा वर्षे चालली. मग ती दहा मिनिटेही टिकेना. लाईट गेली की पडदा काळा, आणि अर्धा भरलेला अर्ज गायब! मग पुन्हा नाव, गट नंबर, खाते क्रमांक. समोरचा शेतकरी काही बोलत नसे. पण बाकावरची माणसे एकेक करून उठून जात. शेवटी बॅटरी फुगलीही. आपाने ती काढून टाकली आणि सोलापूरहून 2400 रुपयांची नवी मागवली. आठवड्याची जवळजवळ सगळी कमाई त्यात गेली.

नवी बॅटरी नीट बसली. मात्र लॅपटॉप सुरू होताच पडद्यावर इंग्रजीत सूचना आली. तिचा अर्थ असा, की ही बॅटरी या यंत्राशी जुळत नाही, ती चार्ज होणार नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे आमच्या घरातील पंखा, मिक्सर, कुकरची शिट्टी, सगळ्यांचा डॉक्टर मीच. आपाने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बघ रे, हिला काय झालंय?"

यंत्र बंद केले, चार्जर काढला, बॅटरीही काढली. सुरू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बॅटरीच्या पितळी पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसल्या आणि ती पुन्हा बसवली. सूचना तीच.

मग दोन्ही बॅटऱ्यांवरचे बारीक अक्षर वाचले. जुनीवर 10.8 व्होल्ट होते, नवीवर 11.1. "इथंच चूक आहे," आपा म्हणाली. पण तसे नव्हते. दोन्हींत लिथियमचे घट एकापुढे एक असे तीनच जोडलेले असतात. कोणी एका घटाचा दाब 3.6 व्होल्ट धरतो, कोणी 3.7. तिनाने गुणले की हेच दोन आकडे येतात. 14.4 किंवा 14.8 असते, तर घट चार आहेत असे समजून मी ती बॅटरी लगेच काढली असती.

गंमत म्हणजे त्याच बॅटरीवर लॅपटॉप चालत होता! कारखान्यातून ती थोडी भरून आली होती. तेवढ्या विजेवर आपाने पाच अर्ज भरले. साठा संपला, आणि बॅटरी पुन्हा भरेना. म्हणजे घट चांगले होते. अडचण दुसरीकडेच होती.

ती सोलापूरच्या एका कारागिराने शोधली. आपा आणि मी एसटीने लॅपटॉप घेऊन गेलो. त्याने आमची बॅटरी त्याच कंपनीच्या एका जुन्या लॅपटॉपला लावली. ती मुकाट्याने चार्ज होऊ लागली.

लॅपटॉपच्या बॅटरीत घटांबरोबर एक छोटी चिपही असते. आपली ताकद किती, तापमान किती, किती वेळा चार्ज झालो, हे सारे ती यंत्राला सांगते. या बोलण्याचे सामाईक नियम ड्युरासेल आणि इंटेल या कंपन्यांनी 1995 साली प्रसिद्ध केले होते. काही यंत्रे मात्र आणखी एक प्रश्न विचारतात: तू आमच्याच घरची आहेस का? उत्तर पटले नाही, तर ती बॅटरीला वीज देत नाहीत. आमच्या बॅटरीला ते उत्तर येत नव्हते.

सुरक्षिततेसाठी हे करतो, असे कंपन्या म्हणतात. लिथियमची वाईट बॅटरी पेट घेते, हे खरेच आहे. पण 2006 साली डेल कंपनीने सुमारे 41 लाख बॅटऱ्या परत मागवल्या, त्या नकली नव्हत्या. त्यांतले घट सोनीचे होते. मला तरी हे कुलूप ग्राहकापेक्षा दुकानाचीच राखण जास्त करते असे वाटते. युरोपीय संघाने 2023 मध्ये बॅटऱ्यांविषयी कायदा केला. जुळणारी दुसरी बॅटरी बसवताना सॉफ्टवेअरने आडकाठी करू नये, असे त्यात लिहिले आहे. त्याचे कारण मला त्या दिवशी कळले.

कारागिराने एक उपाय सांगितला. यंत्राचा मूळ प्रोग्रॅम बदलायचा, म्हणजे तो प्रश्नच विचारणार नाही. पण बदल चालू असताना वीज गेली तर लॅपटॉप कायमचा बंद पडू शकतो, हेही त्याने सांगितले. आपा हसली. "आमच्याकडे जुलैमध्ये? नको, भाऊ."

दुसरा उपाय जुनी बॅटरी फोडून तिच्यात नवे घट घालण्याचा. तो मीच नको म्हटला. फुगलेल्या बॅटरीला टोचणे म्हणजे आगीशी खेळ.

कंपनीची अस्सल बॅटरी त्या मॉडेलसाठी आता मिळत नव्हती. कारागिराने कपाटातून निरनिराळ्या बनावटीच्या तीन बॅटऱ्या काढल्या. पहिलीला पुन्हा तीच सूचना आली. दुसरी लावली, आणि चार्जिंगचा दिवा लागला. आपाने घाई केली नाही. आकडा 40 वरून 55 वर चढेपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली, आणि मगच तिने पैसे मोजले. आमची बॅटरी जुन्या मॉडेलला उपयोगी पडेल, म्हणून कारागिराने ती 1500 रुपयांना ठेवून घेतली. फुगलेलीही आम्ही त्याच्याकडेच दिली. अशी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नसते. त्यासाठी 2022 पासून केंद्र सरकारचे वेगळे नियम आहेत. त्याने ती वाळूच्या डब्यात ठेवली.

परतीच्या एसटीत आपाने लॅपटॉप मांडीवर धरला होता. पीकविम्याची मुदत संपायला चार दिवस उरले होते.