हात कांपतो तो दिसतो

गेल्या चैत्रांतली गोष्ट. आमच्या वाईंतील एका लहानशा वाचनालयाचा कोषाध्यक्ष या नात्यानें तेथील हिशेबाची वही मजकडे असते. ती घेऊन मी ओसरीवर बसलों होतों. बेरीज अर्ध्यावर आली असतां सौभाग्यवतीनें आंतून विचारलें, “अहो, दूध अर्धा लिटर घेऊं कीं एक?” “एक,” असें सांगून मी पुन्हां वहीकडे वळलों, तों आपण कोणत्या आंकड्यापर्यंत आलों होतों याचा पत्ता नाहीं. पुन्हां आरंभ केला. मग रस्त्यावरून फेरीवाला ओरडत गेला. पुन्हां आरंभ. तीन वेळां बेरीज केली आणि तिन्ही वेळां ती निरनिराळी आली. चौथ्या खेपेस जी आली तीच खरी धरून मीं खालीं सही केली, वही कपाटांत ठेविली, आणि रात्रीं जेवतांनाहि कोणापाशीं अवाक्षर काढलें नाहीं.

मी १९७३ सालीं अकरावी मॅट्रिक झालों, पाठशाळेंत अमरकोश, लघुकौमुदी व काव्यें गुरुमुखानें शिकलों, आणि तेवढ्या शिदोरीवर २०१५ पर्यंत संस्कृत शिकविलें. २०२० सालीं मला पार्किन्सनचा विकार असल्याचें निदान झालें. उजवा हात कांपूं लागला, अक्षर बारीक होत गेलें, सदऱ्याचीं बटनें लावण्यास वेळ लागूं लागला. या गोष्टींची मला खंत वाटली, लाज वाटली नाहीं. “हात गेला तर गेला, डोकें शाबूत आहे,” असें मी येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत असें. त्यास आधारहि होता. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं अवघ्या सहा रोग्यांवरून (त्यांतील कांहीं तर त्यांनीं रस्त्यांतच पाहिलेले) या विकारावर निबंध लिहिला, त्यांत इंद्रियें व बुद्धि यांस या रोगानें बाधा होत नाहीं असें म्हटलेलें आहे. हें वाचल्यापासून मी तें कवचासारखें वापरीत होतों. पुढें पॅरिसचे शार्को यांनीं या विकारास पार्किन्सनचें नांव दिलें आणि मनाच्या शक्तींवरहि त्याचा परिणाम होतो असें नमूद केलें. पण तें मीं वाचलें नव्हतें. वाचलें असतें तरी मानलें असतें कीं नाहीं, कोण जाणे.

वहीच्या प्रसंगापूर्वींहि खुणा कांहीं कमी झाल्या नव्हत्या. रोज पहांटे गणपतीच्या घाटापर्यंत चालत जातांना अमरकोशाचा एकेक वर्ग म्हणत जाण्याचा माझा परिपाठ. आतां वर्ग म्हणूं लागलों कीं पावलें आखूड होत, पाय जमिनीस चिकटल्यासारखे होत. आणि पायांकडे लक्ष दिलें कीं शब्द सुटे. चहाचा पेला घेऊन ओसरीवर येतांना कोणी कांहीं विचारलें तर एक तर उत्तर राही, नाहीं तर चहा सांडे. चार माणसें बोलत असलीं म्हणजे मला सांगण्याजोगें सुचे तोंवर विषय दुसऱ्याच गांवीं पोंचलेला असे. मग मी गप्प बसूं लागलों. घरच्या मंडळींनीं याचा अर्थ आपापल्या परीनें लाविला. सुनेस वाटलें, मामंजी रागावले आहेत. सौभाग्यवतीस वाटलें, हे मुद्दाम दुर्लक्ष करितात. चाळीस वर्षांच्या संसारांत मीं तसें कधींच केलें नाहीं असें म्हणवत नाहीं, त्यामुळें तिला तरी बोल कसा लावावा?

माझी स्वतःची समजूत मात्र याहून भयंकर होती. आमचे थोरले काका शेवटीं शेवटीं पोटच्या मुलासहि ओळखीत नव्हते. हें तेंच, असें मीं ठरवून टाकलें, आणि ठरवून टाकल्यामुळेंच सहासात महिने लपविलें. चिरंजीव पुण्याहून आले कीं मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसें.

हें बाहेर आलें तें नातीमुळें. ती आठवींत आहे. दिवाळीच्या सुट्टींत माझ्यापाशीं अमरकोश शिकते. एके दिवशीं वारिवर्ग म्हणून दाखवा असें ती म्हणाली, आणि मला आरंभच आठवेना. तिनें पुस्तकांत पाहून पहिलें पद सांगितलें. त्यासरशीं पुढले दहा श्लोक धडाधड बाहेर पडले. “आजोबा, तुम्ही माझी परीक्षा घेत होतां ना?” ती म्हणाली. सौभाग्यवती दारांत उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं; पण त्याच रात्रीं तिनें चिरंजीवांस फोन केला, आणि आठवड्याच्या आंत आम्ही पुण्यास मेंदूच्या डॉक्टरांपुढें बसलों होतों.

तेथें मला परीक्षेस बसविण्यांत आलें. एका कागदावर मावणारी, दहाबारा मिनिटांची ही चांचणी मॉन्ट्रियल येथें तयार झाली व २००५ सालीं प्रसिद्ध झाली. आंकडा, मग अक्षर, मग पुढचा आंकडा, मग पुढचें अक्षर अशी रेघ जोडावयाची. घड्याळ काढून त्यांत अकरा वाजून दहा मिनिटें दाखवावयाचीं. शंभरांतून सात सात वजा करीत जावयाचें. एका मिनिटांत एकाच अक्षरापासून सुरू होणारे शब्द सांगावयाचे. या शेवटच्या प्रश्नास मी मनांत हंसलों. अमरकोश पाठ केलेल्यास शब्दांची काय वाण? मिनिट संपलें तेव्हां माझे सात शब्द झाले होते. आरंभीं ऐकविलेले पांच शब्द मागाहून विचारले, दोन आठवले. डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, त्यांत एक फूल होतें.” तत्काळ तिसरा आठवला. “एक रंग होता.” चौथा. पांचवा मीं तीन पर्यायांतून ओळखला. मग त्यांनीं मला खोलींत चालावयास सांगितलें, आणि चालतां चालतां पुन्हां शंभरांतून सात सात वजा करावयास. एकूणऐंशीपर्यंत आलों, आणि उभा राहिलों.

निकाल त्यांनीं ज्या रीतीनें समजाविला ती मास्तरास पटणारी होती. वर्गांत ‘विसरणारीं’ मुलें दोन प्रकारचीं असतात. एकास धडा मुळांत पोंचलेलाच नसतो. पहिली ओळ सांगितली तरी तो तुमच्या तोंडाकडे पाहत राहतो. दुसऱ्याच्या पोटांत सर्व असतें, ओठांवर येत नाहीं. नुसतें बोट दाखविलें कीं तो धांवत सुटतो. (अशा एका मुलास ‘लक्ष नाहीं’ म्हणून मीं तासभर बांकावर उभें केलें होतें. त्याचें नांव मला आजहि आठवतें, तेंहि कोणी न सुचवितां.) अल्झायमरच्या विकारांत आरंभीं बहुधा पहिल्या प्रकारची अवस्था होते, पार्किन्सनमध्यें आरंभीं बहुधा दुसऱ्या. कोठार भरलेलें असतें, कोठारी मंदावलेला असतो. ‘बहुधा’ हा शब्द डॉक्टरांनीं दोनदां उच्चारला, म्हणून मीहि तो गाळीत नाहीं.

मेंदूच्या बुडाकडे काळसर रंगाचा एक लहानसा भाग आहे. तेथील पेशी डोपामिन नांवाचें द्रव्य तयार करितात. हात कांपूं लागण्यापूर्वींच त्यांतील बऱ्याचशा नाहींशा झालेल्या असतात. चालणें, लिहिणें, बटन लावणें अशा अंगवळणीं पडलेल्या क्रिया आपणांकडून लक्ष न देतां होतात त्या या द्रव्याच्या जोरावर. पुरवठा आटला म्हणजे एकेक पाऊल जाणूनबुजून टाकावें लागतें, आणि जें अवधान पूर्वीं अमरकोशासाठीं मोकळें असे तें पायांच्या खर्चीं पडतें. शिवाय कपाळामागील भागाशीं मेंदूचें जें दळणवळण चालतें तेंहि यानें सैल होतें. एका कामावरून दुसऱ्यावर वळणें, क्रम लावणें, अर्धवट राहिलेलें काम मनांत धरून ठेवणें हीं त्या भागाचीं कामें. दुधाच्या प्रश्नानें माझी बेरीज कां पुसली गेली तें मला त्या खुर्चीवर बसून कळलें.

बुद्धिभ्रंश न झालेल्या पार्किन्सनच्या रोग्यांपैकीं सुमारें चौथ्या हिश्शांत असा सौम्य दोष आढळतो, कित्येकांत तर निदानाच्या वेळींच. तो असला म्हणजे पुढें बुद्धिभ्रंशाची भीति अधिक, हें डॉक्टरांनीं लपविलें नाहीं. कित्येकजण वर्षानुवर्षें तेथेंच थांबतात आणि कांहीं पुढल्या तपासणींत सुधारलेलेहि आढळतात, हेंहि सांगितलें.

रागावले ते मीं लपविलें म्हणून. कंप थांबावा यासाठीं पूर्वीं एकानें मला ट्रायहेक्सिफेनिडिल नांवाची गोळी दिली होती. ती ॲसिटिलकोलिन या दुसऱ्या द्रव्याच्या आड येते, आणि स्मरण व अवधान यांस त्या द्रव्याची मोठी गरज असते. उतारवयांत त्या गोळीनें डोकें धुरकटतें. मीं तोंड उघडलें असतें तर ती सहा महिने आधींच सुटली असती. आतां ती त्यांनीं थोडथोडी कमी करीत बंद केली. आपल्याच मनानें एकदम सोडणें धोक्याचें असतें. रक्तांत बी-१२ जीवनसत्त्वहि कमी निघालें, तें शाकाहारी घरांतून नवल नव्हे. मुख्य औषध लेव्होडोपा तें चालूच आहे. त्यानें हातपाय हलके होतात, अवधानास तितका गुण नाहीं. (तें द्रव्य आपल्या कुहिलीच्या, म्हणजे आत्मगुप्तेच्या, बियांत असतें हें कळल्यावर मी सुखावलों होतों, पण तिचें चूर्ण वर आणखी घेऊं नका, मात्रेचा मेळ राहणार नाहीं, असें डॉक्टरांनीं लागलीच बजाविलें.)

दोन महिन्यांत धुकें थोडें विरळ झालें. गेलें नाहीं. घाटावर मी आतां मुकाट्यानें जातों आणि पायरीवर बसल्यावर वर्ग म्हणतों. सौभाग्यवती आंतून विचारीत नाहीं. समोर येते, एकच गोष्ट विचारते आणि उत्तराची वाट पाहते. दुसरा प्रश्न घालण्याचा मोह तिला आवरावा लागतो, तें मला दिसतें.

पुण्याहून परतल्यावर तिनें चैत्रांतली वही मागितली. दार लावून घेतलें. तिनें आंकडे वाचले, मीं टिपले. नऊशें रुपयांची चूक निघाली. पैसे कोठें गेले नव्हते, पेटींत बरोबर होते; चूक माझ्या बेरजेंत होती. नवें पान, नवी सही, एवढ्यानें भागलें असतें. सौभाग्यवती म्हणाली, “समितीला सांगा.”

“लोक म्हणतील, शास्त्रीबुवांचें डोकें गेलें.”

“मग डोकें कसें आहे तेंहि सांगा. हात कांपतो तो त्यांना दिसतो. हें कसें दिसणार?”

येत्या रविवारीं बैठक आहे. चुकीच्या पानाशीं खूण घालून वही तयार ठेविली आहे. काम दुसऱ्या कोणाकडे द्यावें असेंहि मी सुचविणार आहें. सांगावयाचें तें चार ओळींत लिहून काढलें आहे. परंतु मध्येंच कोणी प्रश्न विचारला तर त्या ओळींचा भरंवसा नाहीं. म्हणून त्यांतला पहिला शब्द सौभाग्यवतीस सांगून ठेविला आहे, आणि ती शेजारीं बसणार आहे.