सिक्स्टीन्थ स्ट्रीटवरचा सांबा

वॉशिंग्टनला पाहुणे आले की व्हाइट हाउस, लिंकन मेमोरियल, स्मिथसोनियन ही आमची ठरलेली यात्रा. या उन्हाळ्यात मात्र नऊ वर्षांच्या लेकाला घेऊन मी मेट्रोच्या ग्रीन लाइनने कोलंबिया हाइट्सला उतरले आणि चालत सिक्स्टीन्थ स्ट्रीटवरच्या ऑल सोल्स चर्चपाशी गेले. विटांची भक्कम इमारत, पुढे उंच खांब, वर निमुळता मनोरा.

"इथे काय आहे बघायला?" लेकाने इंग्रजीत विचारलं. हल्ली तो घरातही इंग्रजीतच बोलतो. कारण मला ठाऊक आहे. सांगलीच्या शाळेत मी सात वर्षं मराठी शिकवलं. डिपेंडंट व्हिसावर इथे आले, लाल पेन सुटलं, सवय सुटली नाही. गेल्या दिवाळीत तो फोनवर आजीला म्हणाला, "मी फराळ खाल्ली." मी सगळ्यांदेखत दुरुस्त केलं. तेव्हापासून आजीशीही 'हाय' आणि 'बाय' एवढंच.

बघायला तसं काहीच नव्हतं, ऐकायला होतं. याच चर्चच्या पिअर्स हॉलमध्ये १३ फेब्रुवारी १९६२ रोजी 'जॅझ सांबा' हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. गिटारवादक चार्ली बर्ड शेजारच्या व्हर्जिनियातला. मूळचा जॅझवाला, पण १९५४ मध्ये इटलीत सेगोवियांकडे अभिजात गिटार शिकून आलेला. नायलॉनच्या तारा नुसत्या बोटांनी छेडायचा. १९६१ मध्ये अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर दक्षिण अमेरिकेत गेला आणि ब्राझीलचा बोसा नोव्हा कानात घेऊन परतला. मग न्यूयॉर्कहून सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आला. बाकीची मंडळी बर्डचीच, त्यात त्याचा भाऊही. काही तासांत काम झालं, आणि १९६३ मध्ये अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिला आला.

चर्चच्या पायऱ्यांवर बसून आम्ही हेडफोनचं एकेक टोक कानात घातलं. पहिलंच गाणं 'डेसाफिनादो'. या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ 'बेसूर'. जोबिम यांची ती चाल मधेच अशा स्वरावर जाते, की वाटतं, घसरला बुवा! खाली बर्डची गिटार मात्र शांतपणे साथ करत राहते.

लेक एकदम थांबला. "आई, सॅक्सोफोन चुकली का?"

मराठीत! 'चुकला' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तो गिळला. म्हटलं, "नाही रे, चालच तशी आहे."

पुढे माउंट प्लेझंटला एका साल्वादोरी खानावळीत पुपुसा खायला बसलो. आपल्या भरल्या भाकरीसारखाच प्रकार. तिथे त्याने स्वतःहून आजीला फोन लावला. सांगलीत रात्रीचे साडेदहा वाजले होते, पण आजी जागी होती.

"आजी, आज मी बेसूर गाणं ऐकली!"

मी घाईघाईने पुपुसाचा मोठा घास तोंडात कोंबला.