समासातली कोरी जागा

घराण्याची वंशावळ लिहावी असे मनात आले, म्हणून आम्ही आजोबांच्या जन्माची नोंद शोधू लागलो. आजोबांचा जन्म 1904 सालचा, खामगावचा. पणजोबा तेथे जिनिंगमध्ये कामाला होते. 1870 साली जलंबहून आगगाडीचा फाटा आला आणि कापसाची ही पेठ अधिकच गजबजली. आज खामगाव बुलडाणा जिल्ह्यात असले, तरी 1905 पर्यंत तो तालुका अकोल्याकडे होता. त्यामुळे जुन्या कागदांसाठी आम्हांला दोन्हीकडे फिरावे लागले.

आजोबांची नोंद काही सापडली नाही. सापडली ती भलतीच. 1918 सालच्या मृत्यूंच्या यादीत पणजोबांचे नाव, आणि पुढे एवढेच: मुलगी, वय 2, ताप. तो इन्फ्लुएंझाचा काळ. मध्यप्रांत-वऱ्हाडात त्या शरद ऋतूत या साथीने हाहाकार उडवला. लिहिणाऱ्याला कोणाकोणाचे नाव विचारायला सवड असणार? सरकारला संख्या हवी होती, ती मिळाली.

या मुलीविषयी घरात कोणी कधी बोलले नव्हते. त्या काळी फादर दुरून येत. संस्कारांच्या नोंदी त्यांच्या धर्मग्रामात होत. आम्ही तेथे गेलो. स्नानसंस्काराच्या वहीत 1916 सालच्या पानावर ती भेटली: तिचे नाव, आईचे नाव, धर्ममाता-धर्मपित्यांची नावे.

1908 पासून अमलात आलेल्या रोमच्या आज्ञेप्रमाणे, पुढे विवाह झाला की स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी तो टिपून ठेवतात. आजोबांच्या नोंदीच्या समासात आजीचे नाव आहे. या नोंदीचा समास मात्र कोरा.

ते नाव वाचून आम्ही थबकलो. आमच्या थोरल्या आत्याचे नाव तेच! बहीण गेली तेव्हा आजोबा चौदा वर्षांचे होते. तिच्याविषयी ते आयुष्यभर एक शब्द बोलले नाहीत. पण पहिली मुलगी झाली तेव्हा त्यांनी ते नाव पुन्हा वहीत लिहवून घेतले.

दरवर्षी 2 नोव्हेंबरला आम्ही घरातल्या मृतांची नावे मिस्सासाठी देतो. यंदा त्या यादीत एक नाव वाढले आहे. वाचकहो, आपल्या घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. वहीत लिहिले जाते ते थोडे. न लिहिलेले त्यांच्यापाशीच असते.