सोनकीचे म्हातारपण

दसऱ्याला आपण आपट्याची पाने लुटतो आणि त्यांना सोने म्हणतो. सह्याद्री मात्र महिनाभर आधीपासूनच सोने उधळीत बसलेला असतो. श्रावण सरता सरता त्याच्या गवताळ उतारांवर सोनकी उमलू लागते, आणि भाद्रपद-आश्विनात डोंगराला पिवळ्याखेरीज दुसरा रंगच ठाऊक नसावा असे वाटते.

एका आश्विनात राजगडाच्या माचीवर आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी मला सोनकी उलगडून दाखवली. "हे एक फूल नव्हे, मराठीवाले! हे तुमच्यासारखे संमेलन आहे." कडेची प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र स्त्रीपुष्प, मधला पिवळा गोंडा म्हणजे दाटीवाटीने बसलेली, पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असलेली नळीदार फुले. एक कीटक येऊन बसला की एकाच भेटीत अनेकांचे काम होते. सूर्यफूल, झेंडू, शेवंती हे सारे याच कुळातले. आमच्या संमेलनांपेक्षा इथली शिस्त बरी, एवढे मी मनात म्हटले.

मला खरी गंमत वाटली ती नावाची. शास्त्रात सोनकी म्हणजे 'सेनेसिओ बॉम्बेएन्सिस'. लॅटिनमध्ये 'सेनेसिओ' म्हणजे म्हातारा! आपल्या लोकांनी तिचे तारुण्य पाहून नाव ठेवले, तिकडच्यांनी तिच्या भाईबंदांचे वार्धक्य पाहून. फूल सरले की बियांना पांढरे, रेशमी केस फुटतात आणि वाऱ्यावर बसून त्या निघून जातात.

ही पांढरी वेळ फार मोलाची आहे. सोनकी एका वर्षाची धनीण. सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यावरची माती वीतभर, आणि पाऊस थांबला की तीही कोरडी. रोप वाळून जाते. उरते ते बी. फुलांत लोळून छायाचित्रे काढणारे आपण सप्टेंबरात जे रोप चिरडतो, त्याचा वंशच तिथे खुंटतो. सोनकी जिथे फुलते ते कासचे पठार २०१२ साली जागतिक वारसा ठरले. पण वारशाचा मान मिळाला म्हणून पायाखालचे रोप पुन्हा उभे राहत नाही.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा डोंगरावरची गर्दी ओसरली असेल आणि सोनकीचे केस पिकू लागले असतील. तेव्हा एकदा जा. पायवाट सोडू नका. सोने पाहायला सगळेच जातात. पुढच्या वर्षीचे सोने जिच्या पांढऱ्या केसांत आहे, त्या म्हातारीचीही विचारपूस कुणीतरी केली पाहिजे.