पर्जन्याची वही

22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी उतरल्या, सावित्रीच्या पुराने महाडची बाजारपेठ बुडवली. आणि त्या वर्षीच्या दिवाळीनंतर, अध्यापनातून निवृत्त झालेला मी, दर शनिवारी पोलादपूरकडे जाऊन एका दरडग्रस्त वाडीतल्या दहा वर्षांच्या मुलाच्या सोबतीला बसू लागलो.

पहिल्याच भेटीत माझ्या हातून प्रमाद घडला. पंचनाम्यासाठी आलेले अंमलदार, मदतीचे जिन्नस घेऊन आलेले दाते आणि वार्ताहर यांनी जे विचारले होते तेच मीही विचारले, आणि त्या मुलाने, पाढा म्हणावा तशा एकसुरी आवाजात, सारी हकीकत सांगून टाकली. मुलाला बोलते केले की त्याचे मन हलके होते, हा माझा कैक वर्षांचा समज त्या आवाजाने मोडला. (जागतिक आरोग्य संघटनेची 2011 सालची मार्गदर्शिकाही आपत्तिग्रस्तास हकीकत सांगण्याची सक्ती करू नये असेच बजावते, ती मी मागाहून वाचली.) पुढे मी काही विचारले नाही. आम्ही नदीकाठी हिंडलो, गणिते सोडवली, पुष्कळदा नुसते ओट्यावर बसलो.

ज्येष्ठ लागला, आणि पत्र्यावर सर वाजली की तो अभ्यास टाकून डोंगराकडे पाही व विचारी, "गुरुजी, किती पडला असंल?" त्याचे भय निराधार नव्हते, म्हणून "घाबरू नकोस" म्हणणे मला अप्रामाणिक वाटले. त्याऐवजी सरळ कडांचा एक डबा उघड्यावर ठेवून, रोज सकाळी साडेआठला त्यातले पाणी पट्टीने मोजून मिलिमीटरचा आकडा वहीत मांडायचा आणि वर्तमानपत्रात येणाऱ्या तालुक्याच्या आकड्याशी तो ताडून पाहायचा, असा परिपाठ आम्ही घातला. आकडा फार चढला तर कोणत्या वाटेने कोठे जायचे, हेही त्याच्या आईसमक्ष मुक्रर केले. काही दिवसांनी त्याने, मी न सांगता, वहीत आणखी एक रकाना आखला: झोप. त्या पावसाळ्यात त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द आहे, "जागा".

तो आता नववीत आहे. गेल्या श्रावणातल्या, 96 मिलिमीटरच्या एका नोंदीपुढे त्याने लिहिले आहे, "दोनदा उठलो. मग झोपलो."