मागच्या चाकांचा हिशेब

मागच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले की गाडी निम्म्या अंतरात थांबायला लागते, असं मानणारे मला पुष्कळ भेटले. तसं होत नाही. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाकं हलकी होतात आणि थांबवण्याचं सत्तर टक्के किंवा त्याहूनही जास्त काम पुढचीच चाकं करतात. पुढे आधीपासून डिस्क असतील, तर कोरड्या रस्त्यावर एकदाच करकचून दाबलेल्या ब्रेकला मागच्या डिस्कमुळे फारसा फरक पडत नाही. हे आधीच सांगून टाकतो. माझ्या १९९४ च्या होंडा सिव्हिकचे मागचे ड्रम काढून मी डिस्क बसवल्या, त्या कामावर मी मनापासून खूष आहे. पण अंतर कमी व्हावं म्हणून कुणी या भानगडीत पडू नये.

माझं कारण होतं मीठ. मी राहतो ओहायोत, कोलंबसजवळ. इथून तासाभरावर ईस्ट लिबर्टीला होंडाचा कारखाना आहे, १९८९ साली सुरू झालेला. माझी दोन दारांची सिव्हिक तिथेच तयार झाली आणि तिचे सगळे हिवाळे याच मुलखात गेले. इथे बर्फ पडायच्या बेतात असला की रस्त्यांवर मीठ पसरतात. बर्फ वितळतो, ते खारट पाणी चाकामागे उडतं आणि पत्रा, नळ्या, बोल्ट हळूहळू खात राहतं. माझ्या गाडीच्या मागच्या बॅकप्लेट, म्हणजे ज्या पत्र्यावर लायनर आणि व्हील सिलिंडर बसतात त्या, कडेने कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. एक सिलिंडर गळत होता. लायनर झिजेल तसा पुढे सरकवणारा अ‍ॅडजस्टर गंजून गच्च झाला होता. ड्रम, लायनर, सिलिंडर नवे मिळतात. धड बॅकप्लेट शोधताना मात्र नाकी नऊ आले. सगळं उघडायचंच आहे तर डिस्क का नको, हा विचार तिथून आला.

माझे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. उभा जन्म बसच्या हवेच्या ब्रेकवर गेलेला, सगळे ड्रमच. मी व्हिडिओ कॉलवर बेत सांगितला तेव्हा त्यांनी डिस्क बरी की ड्रम बरा यावर चकार शब्द काढला नाही. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या.

"हँडब्रेक कुठनं घेणार आहेस? आणि मागं जोर किती सोडायचा, ते कोण ठरवणार?"

सगळं काम या दोन प्रश्नांत आहे. पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण अनेक जण तिथेच अडतात. पुढच्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड आवळणारा चिमटा, उचलून मागे लावला तर पायाचा ब्रेक लागेल, हातानं ओढायचं काहीच उरणार नाही. मागच्या चाकासाठी बनवलेल्या अनेक कॅलिपरमध्ये पिस्टनच्या मागे एक स्क्रू असतो. केबल ओढली की तो पिस्टनला पुढे ढकलतो आणि पॅड दाबून धरतो.

दुसरा प्रश्न खोल आहे. ड्रममध्ये लायनर टेकला की फिरणारा ड्रम त्याला स्वतःबरोबर ओढतो, आणि त्या ओढीनेच लायनर आणखी आवळला जातो. थोड्या दाबात पुष्कळ पकड मिळते. डिस्कला ही फुकटची मदत नाही. पॅड जितक्या जोराने दाबाल तितकीच पकड. म्हणून ड्रमच्या गाडीत आणि डिस्कच्या गाडीत मागच्या चाकांकडे जाणारा तेलाचा दाब वेगवेगळा आखलेला असतो. तो आखण्याचं काम इंजिनच्या मागच्या पत्र्यावर बसवलेला धातूचा एक छोटा ठोकळा करतो. त्याला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह म्हणतात. पेडलचा दाब तेलाला देणाऱ्या मास्टर सिलिंडरकडून त्यात दोन नळ्या येतात आणि चार चाकांकडे चार जातात. एका ठरावीक दाबापर्यंत तो पुढे-मागे सारखंच तेल सोडतो, त्यापुढे मागचा दाब आवरता घेतो. ड्रमचाच व्हॉल्व्ह ठेवून मागे डिस्क लावल्या तर त्या अर्धवट काम करतात, गंजत बसतात आणि पुढच्या जास्त तापतात. व्हॉल्व्ह काढूनच टाकला, तर जोरात ब्रेक दाबताच हलकी झालेली मागची चाकं आधी जाम होतात आणि ओल्या वळणावर गाडी स्वतःभोवती फिरते. दिसायला देखणं काम करून माणसं नेमकी इथे फसतात, आणि फसल्याचं त्यांना पहिल्या पावसापर्यंत कळत नाही.

म्हणून मी ठरवलं की मागच्या ब्रेकशी नातं असलेली प्रत्येक वस्तू एकाच गाडीतून आणायची. ज्या इंजिनिअरांनी त्या गाडीचा तोल जुळवला, त्यांचं गणित मोडायचं नाही. सिव्हिकच्या बाबतीत हे जमतं, कारण होंडाच्याच अ‍ॅक्युरा या ब्रँडची इंटेग्रा नावाची गाडी त्याच काळात, मागच्या सस्पेन्शनची तीच रचना घेऊन निघत होती आणि तिला मागे डिस्क होत्या. इथे भंगाराची मोठी आवारं असतात. आपली हत्यारं घेऊन जायचं, हवा तो भाग स्वतः खोलायचा आणि फाटकाशी पैसे द्यायचे. तिथे मला समोरून ठोकलेली एक इंटेग्रा सापडली. मागचा भाग शाबूत होता.

डिस्क आणि कॅलिपर घेऊन निघालो असतो तर तासाभरात मोकळा झालो असतो. मी दोन्ही ट्रेलिंग आर्म, म्हणजे मागची चाकं धरणारे सस्पेन्शनचे दांडे, आख्खे काढले, हँडब्रेकच्या केबल काढल्या, मास्टर सिलिंडर घेतला आणि तो व्हॉल्व्ह काढायला बसलो. त्यावर ४०४० असा आकडा ठोकलेला होता. चारही चाकांना डिस्क असलेल्या होंडांची ही ओळख जुन्या होंडावाल्यांना पाठ असते. त्याच्या सहा नळ्यांचे नट मऊ असतात. साधा पाना लावला की कोपरे गोल होतात. त्यासाठी दहा नंबरचा फ्लेअर पाना लागतो, म्हणजे नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा, पण नळी आत सरकण्यापुरती फट असलेला रिंग पाना.

माझ्या गाडीखाली मात्र खरी झुंज झाली ती बोल्टांशी. खालच्या आर्मचा बोल्ट रबरी बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतो. पाना फिरवला की बोल्ट, नळी, रबर सगळं मिळून फिरतं आणि सुटत काहीच नाही. बाबा म्हणाले, "रॉकेल सोड आणि रात्रभर हात लावू नको." इथे रॉकेलऐवजी डबीतला स्प्रे वापरला, रात्रभर थांबलो, उजवीकडचा सुटला, डावीकडचा हलला नाही. गॅसची ज्योत लावावी तर रबर जळणार. शेवटी करवतीने कापून काढला आणि नवा बोल्ट, नवा बुश घातला. गंजाच्या मुलखात हे काम करणाऱ्याने नव्या बोल्टांचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढावेत.

एक काळजी मी डोळ्यांत तेल घालून घेतली. जुन्या लायनरच्या भुशात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर तो भुसा हवेच्या पाइपने उडवायची सवय आपल्याकडच्या गॅरेजांत मी लहानपणापासून पाहिली आहे. तो उडवू नये. ब्रेक क्लीनर मारून ओलाच धुवावा, खाली ट्रे ठेवावा.

मग कॅलिपर. जुनेच घेतले, पण आतलं रबर नवं घातलं. हे पिस्टन दाबून आत जात नाहीत, स्क्रूवर बसलेले असल्यामुळे फिरवत आत न्यावे लागतात. क्लॅम्प लावून रेटलं तर आतली यंत्रणा मोडते. पिस्टनच्या तोंडावर खाच असते आणि पॅडच्या पाठीवर एक छोटा उंचवटा. तो खाचेत बसलाच पाहिजे. डिस्क आहे २३९ मिलिमीटर व्यासाची आणि जेमतेम ९ मिलिमीटर जाडीची. पुढची जाड डिस्क पाहिलेल्याला ती ताटलीएवढी वाटते. मागच्या चाकांना तेवढी पुरते.

हवा काढायचं काम दोघांचं. बायको सीटवर, मी चाकापाशी. "दाब." "दाबलं." "धरून ठेव." मी निप्पल सोडायचो, पारदर्शक नळीतून बुडबुडे यायचे, निप्पल आवळायचो. "सोड." होंडात तेलाचे दोन मार्ग कर्णरेषेत असतात, पुढच्या एका चाकाची जोडी मागच्या विरुद्ध बाजूच्या चाकाशी. त्यामुळे क्रमही तसाच: मागचं उजवं, पुढचं डावं, मागचं डावं, पुढचं उजवं. तेल नव्या सीलबंद डब्यातलंच घेतलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ तेल कोरडं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ती मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय फळीला टेकतो. नव्या डिस्कपेक्षा नवं तेल अधिक जीव वाचवतं, असं माझं ठाम मत आहे.

चाचणीबद्दल बाबांची अट होती. "आधी पुढची चाकं अडली पाहिजेत. मागची आधी अडली तर गाडी रस्त्यावर काढू नको." या गाडीला एबीएस नाही. रविवारी सकाळी, पाऊस पडून गेल्यावर, रिकाम्या पार्किंगमध्ये मी कमी वेगापासून सुरुवात करून वाढत गेलो आणि बायकोने बाजूला लांब उभं राहून फोनवर व्हिडिओ घेतला. संथ करून पाहिला. पुढची चाकं थांबून घसरत होती, मागची अजून फिरत होती. गाडी सरळ रेषेत उभी राहिली. तो व्हिडिओ बाबांना पाठवला. त्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला असणार, कारण उत्तर बऱ्याच वेळाने आलं: "बरोबर आहे. आता डावं-उजवं सारखं तापतं का बघ." तेही पाहिलं. सारखं तापत होतं.

फरक कुठे जाणवला, तर ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये. न्यूफाउंड गॅप ही खिंड १५३८ मीटरवर आहे आणि तिथून गॅटलिनबर्गपर्यंत रस्ता हजार मीटरहून जास्त उतरतो. उतारावर ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून दूर जातो, पेडल लांबतं. डिस्क तापली तर जाड होते, पॅडच्या जवळ येते. खाली पोहोचलो तेव्हा पेडल वर होतं तितक्याच उंचीवर लागत होतं. अर्थात ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरायचं, हा एसटी ड्रायव्हरांचा नियम मी तिथेही पाळला; डिस्क लावल्या म्हणून उतारावर गाडी मोकळी सोडणं मला पटत नाही.

कोल्हापूरचा माझा मामेभाऊ हे ऐकून त्याच्या जुन्या गाडीला डिस्क लावायच्या मागे लागला. त्याला मी नको म्हणालो. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं आहे की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल करता येणार नाहीत. शिवाय त्याच्या गाडीला माझ्या इंटेग्रासारखी जुळी बहीण नाही. लेथवर ब्रॅकेट बनवून मिळेल, व्हॉल्व्हचं गणित लेथवर होत नाही. नवे लायनर, नवे सिलिंडर, ड्रमला हलका कट आणि ताजं तेल, एवढ्यात त्याची गाडी उत्तम थांबेल, हे मी त्याला पटवलं.

आणि डिस्कची किंमतही मोजावी लागते. ड्रम झाकलेला असतो, डिस्क उघडी. मीठ थेट तिच्यावर येतं. कॅलिपरच्या पिना आणि हँडब्रेकचा दांडा दर वर्षी खोलून, घासून, ग्रीस लावून बसवले नाहीत तर हिवाळ्यात जाम होतात. उतारावर गाडी धरून ठेवायला जुना ड्रम अधिक भरवशाचा होता, हेही खरं. यंदा डाव्या कॅलिपरची खालची पिन हाताला जड लागली आहे. नवी पिन आणि रबर आणून ठेवलंय, मीठ पडायला लागायच्या आत बसवायचं आहे.