'बरळला' म्हणू नका!

तापाने फणफणलेले पोर रात्री काहीबाही बोलू लागले की आमची आजी म्हणायची, "पोर बरळतंय, कपाळावर ओली पट्टी ठेवा." शुद्ध नसतानाचे बोलणे म्हणजे बरळणे. त्यात हेतू नसतो, म्हणून दोषही नसतो.

मग संविधान बदलण्याची भाषा करणाऱ्याला आम्ही 'बरळला' का म्हणतो? तो तर पूर्ण शुद्धीवर असतो! 'बरळला' म्हटले की त्याला माफी मिळते आणि उत्तर देण्यातून आम्ही सुटतो.

१९३६ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मधून 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'वर टीका केली. बाबासाहेबांनी त्या टीकेला मुद्देसूद उत्तर लिहिले आणि १९३७ च्या आवृत्तीत टीका व उत्तर दोन्ही छापले.

मित्रांनो, आपणही उत्तरच देऊ. जय भीम!